जन्मतारखेने केलेला प्रयोग

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि पाठोपाठ जगभर मथळे झळकले: ‘नागिणीची लस घेतल्यास स्मृतिभ्रंश २० टक्क्यांनी कमी’. असले मथळे मी सहसा वाचून सोडून देतो. कॉफी पिणारे जास्त जगतात, कोडी सोडवणाऱ्यांचा मेंदू तल्लख राहतो, अमुक गोळी घेणाऱ्यांना तमुक आजार होत नाही. दर आठवड्याला एक नवं पिल्लू सुटतं. यातल्या बहुतेकांत खोट एकच असते आणि आकडेमोड कितीही भारी केली तरी ती पुरती जात नाही.

लस घेणारी माणसं आणि न घेणारी माणसं मुळात सारखी नसतात. जो आपणहून जाऊन लस टोचून घेतो, तो बहुधा रक्तदाबाच्या गोळ्याही वेळेवर घेतो, थोडंफार चालतो, घरात त्याच्याकडे लक्ष देणारं कोणीतरी असतं. उलट ज्याची स्मरणशक्ती आधीच ढासळू लागली आहे, तो लशीच्या रांगेपर्यंत पोचतच नाही. मग काही वर्षांनी मोजणी केली की लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसणारच, लशीने काही केलेलं असो वा नसो. वय, शिक्षण, मधुमेह यांची नोंद असेल तर त्यांचा परिणाम हिशेबातून वजा करता येतो. पण ‘हा माणूस स्वतःच्या तब्येतीला किती जपतो’ असा रकाना कुठल्याच दवाखान्याच्या नोंदींत नसतो.

या खोटीची किंमत वैद्यकाने मोजलेली आहे. रजोनिवृत्तीनंतर हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास अनेक वर्षं सांगत होते. मग अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून चाचणी घेण्यात आली. एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. जुलै २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार दोन्ही जास्त निघाले. गोळ्यांना मिळालेलं श्रेय बऱ्याच अंशी त्या घेणाऱ्या स्त्रियांच्या राहणीमानाचं होतं.

एप्रिलच्या निबंधाची गोष्ट वेगळी होती. त्यात लस कोणाला मिळायची हे रुग्णाने ठरवलं नव्हतं आणि डॉक्टरनेही नाही. ते ठरवलं होतं जन्मतारखेने.

आधी आजाराबद्दल थोडं. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या आणि कवटीतल्या चेतागंडांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, तो दडी मारून बसतो, कधी पन्नास वर्षं, कधी सत्तर. वय वाढून प्रतिकारशक्ती सैल झाली की तो एखाद्या चेतातंतूवरून सरकत त्वचेपर्यंत येतो आणि तेवढ्या पट्ट्यात आग होणारे फोड उठतात. हीच नागीण. एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या जनरल प्रॅक्टिशनरने स्वतःच्या रुग्णांच्या सोळा वर्षांच्या नोंदी ठेवून १९६५ मध्ये हे चित्र मांडलं. प्रयोगशाळा हाताशी नसताना, निव्वळ नोंदवहीच्या बळावर.

नागिणीची दोन टोकं अंगाभोवती जुळली की माणूस दगावतो, ही समजूत एकाच देशापुरती नाही. ती निराधार आहे. प्रत्येक चेतागंड शरीराच्या एकाच बाजूची त्वचा सांभाळतो, म्हणून पुरळ छातीच्या आणि पाठीच्या मध्यरेषेपाशी थांबतं. टोकं जुळत नाहीत याचं श्रेय शरीररचनेचं, पण ते मांत्रिकाच्या खात्यावर जमा होतं, कारण त्याने उतारा केला आणि खरोखरच टोकं जुळली नाहीत! इथेही खोट तीच: उपाय केला नसता तर काय झालं असतं, हे कोणी तपासलेलंच नसतं.

आता एप्रिलच्या निबंधाकडे, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सकडे. १ सप्टेंबर २०१३ रोजी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने वृद्धांना नागिणीची लस मोफत द्यायला सुरुवात केली. लस होती झोस्टाव्हॅक्स, म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. साठा मर्यादित होता आणि ऐंशीच्या पुढे या लशीचा परिणाम बराच घटतो. ज्या मोठ्या चाचणीत साठीपुढच्यांमध्ये नागिणीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं, तिच्यात ऐंशीच्या पुढच्यांना मिळालेलं संरक्षण १८ टक्क्यांच्या आसपासच होतं. म्हणून सरकारने रेषा आखली: त्या दिवशी ज्यांचं वय ७९ आहे ते पात्र, ज्यांना ८० पूर्ण झाली ते कायमचे अपात्र. पुढे टप्प्याटप्प्याने तरुण वृद्धांची पाळी आली, पण रेषेपलीकडच्यांची कधीच आली नाही.

म्हणजे २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा नंतर जन्मलेली व्यक्ती आत आणि आदल्या दिवशी जन्मलेली बाहेर. रेषेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना केली, तर थोरल्यांमध्ये लस घेतलेल्यांचं प्रमाण होतं ०.०१ टक्का आणि धाकट्यांमध्ये ४७.२ टक्के. या दोन गटांत फरक तो काय? आठवडाभराचं वय. शिक्षण, पैसा, चालण्याची सवय, डॉक्टरवरचा विश्वास यांतलं काहीही २ सप्टेंबरला अचानक बदलायचं कारण नाही. सरकारने प्रशासकीय सोयीसाठी एक तारीख ठरवली आणि नकळत एक प्रचंड चाचणी घडवून आणली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पास्कल गेल्डसेट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ओळखली. त्यांच्या हाती २,८२,५४१ लोकांच्या वैद्यकीय नोंदी होत्या.

ही रीत मला फार आवडते, म्हणून जरा थांबतो. आडव्या अक्षावर जन्मतारीख घ्या, उभ्या अक्षावर पुढच्या ७ वर्षांत स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्यांचं प्रमाण. वय जास्त तसा धोका जास्त, त्यामुळे थोरल्यांकडून धाकट्यांकडे येताना रेघ हळूहळू उतरत जाईल. निसर्गाला २ सप्टेंबर १९३३ या तारखेचं काही सोयरसुतक नाही, तेव्हा तिथे रेघ तुटायला नको. तरीही नेमकी तिथेच ती एकदम खाली आली, तर त्या तारखेला बदललेल्या एकमेव गोष्टीकडे, म्हणजे लशीकडे, बोट जातं. ही युक्ती मुळात शिक्षणक्षेत्रातली. १९६० मध्ये थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या दोघांनी शिष्यवृत्ती परीक्षेत थोडक्यात पास झालेल्यांची थोडक्यात हुकलेल्यांशी अशीच तुलना केली होती. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी ती उचलून धरली. वैद्यकाला तिची गोडी उशिरा लागली.

प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. पहिली, रेषेच्या किती जवळचे लोक घ्यायचे? फक्त आठवड्याभराचे घेतले तर तुलना निर्मळ, पण माणसं इतकी थोडी की योगायोगाने काहीही दिसेल. काही वर्षांचे घेतले तर माणसं भरपूर, पण वयाचा फरक पुन्हा घुसतो. उपाय असा की रेषेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी रेघ बसवायची, जवळच्या माणसांना जास्त वजन द्यायचं आणि दोन्ही रेघा त्या तारखेपर्यंत ताणून तिथलं अंतर मोजायचं. दुसरी अडचण, पात्र असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी लस घेतलीच नाही. त्यामुळे दिसणारी घट पातळ झालेली असते, पाणी घातल्यासारखी. मग निदानातल्या या घटीला लसीकरणात झालेल्या उडीने भागायचं. जे उत्तर येतं ते सगळ्यांना लागू होत नाही. जे पात्र झाले म्हणूनच लस घ्यायला गेले आणि एरवी गेले नसते, त्यांच्यापुरतं ते असतं. इथवर येऊन डोकं गरगरत असेल तर मधला भाग सोडा. लस घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी थेट तुलना यात कुठेही होत नाही, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

संशोधकांनी उलटतपासणीही कसून केली. रेषेच्या दोन्ही बाजूंचे लोक फ्लूची लस आणि इतर प्रतिबंधक सेवा सारख्याच प्रमाणात घेत होते का? होते. इतर सामान्य आजारांच्या निदानात त्या तारखेला उडी दिसली का? नाही. दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेने नेमकी हीच तारीख वापरली होती का? तसं काही सापडलं नाही. एक शंका मात्र बारीक होती. नागीण कमी झाली की डॉक्टरकडे खेपा कमी होतात आणि खेपा कमी झाल्या की स्मृतिभ्रंश नजरेत येण्याची संधीही कमी होते. म्हणून इंग्लंड आणि वेल्समधले मृत्यूचे दाखले वेगळे तपासले गेले. ज्यांत मृत्यूचं मुख्य कारण स्मृतिभ्रंश होतं असे दाखलेही त्या तारखेनंतर जन्मलेल्यांमध्ये कमी निघाले.

आता निकाल. लस घेतल्याने ७ वर्षांत स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याची शक्यता ३.५ टक्के-अंकांनी घटली, सापेक्ष हिशेबाने २० टक्क्यांनी. या दोन आकड्यांवरून उलटा हिशेब मांडा: लस नसताना शंभरातल्या साधारण साडेसतरा जणांना निदान झालं असतं, लशीमुळे ते चौदांवर आलं. मथळ्यांनी अर्थातच २० उचलले, कारण साडेतीनला तेवढा आवाज नाही. शिवाय साडेतीनच्या भोवती अनिश्चिततेचा पट्टा ०.६ ते ७.१ इतका रुंद आहे. परिणाम आहे, पण तो किती मोठा हे नेमकं सांगता येत नाही. स्त्रियांमध्ये तो ठळक होता, पुरुषांमध्ये बराच फिका.

एकट्या वेल्सवर विसंबायची गरजही उरली नाही. ऑस्ट्रेलियाने १ नोव्हेंबर २०१६ पासून ७० ते ७९ वयाच्यांना हीच लस मोफत दिली. म्हणजे तिथेही तारखेची रेषा आली, २ नोव्हेंबर १९३६. त्या रेषेवरही निदानात घट दिसली. हा निबंध त्याच एप्रिलमध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. डिसेंबर २०२५ मध्ये वेल्सच्याच नोंदींवरून ‘सेल’मध्ये आणखी एक: स्मृतीची तक्रार नसलेल्यांत सौम्य बौद्धिक ऱ्हासाची निदानं कमी, आणि ज्यांना स्मृतिभ्रंश आधीच झाला होता त्यांच्यात त्या आजाराने होणारे मृत्यूही कमी.

हे होतं कसं? इथे पुरावा पातळ होतो. एक तर्क विषाणूभोवती फिरतो. तो अधूनमधून अर्धवट जागा होत असेल, फोड न उठवताही चेतासंस्थेत दाह पेटवत असेल, आणि लस त्याला झोपवून ठेवत असेल. टफ्ट्स आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मानवी मेंदूपेशी त्रिमितीय सांगाड्यावर वाढवून दाखवलं की कांजिण्यांचा विषाणू तिथे सुप्त असलेल्या दुसऱ्याच विषाणूला, ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्सला, जागं करतो, आणि मग अल्झायमरमध्ये आढळणारं अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन साचू लागतं. ही जोडगोळी जिवंत मेंदूत असंच वागते का, तो प्रश्न राहतोच.

दुसरा तर्क विषाणूला बाजूलाच सारतो. लशीमुळे एकूण प्रतिकारयंत्रणेलाच वेगळं वळण लागत असेल, असं तो म्हणतो. याला बळ देणारी एक अनपेक्षित गोष्ट आहे. नवी लस शिंग्रिक्स, हिच्यात जिवंत विषाणू नाही. त्याचं एक प्रथिन आहे आणि सोबत एएस०१ नावाचं उत्तेजक मिश्रण, ज्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतो. अमेरिकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये जुनी लस सोडून ही धरली. ऑक्सफर्डच्या गटाने त्या बदलाच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन लाखांहून अधिक लोकांची तुलना केली, तेव्हा नव्या लशीचे लोक जुनीपेक्षाही सरस निघाले. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांनाही निदानाआधी सरासरी १६४ दिवस जास्त मिळाले. पुढे त्याच गटाने एएस०१ असलेली आरएसव्हीची, म्हणजे श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या एका विषाणूची, लस तपासली. तिचा कांजिण्यांच्या विषाणूशी काडीचाही संबंध नाही, तरी तिथेही धोका कमी दिसला. म्हणजे कदाचित श्रेय त्या मिश्रणाचं. मात्र आरएसव्हीच्या अभ्यासाला जन्मतारखेची रेषा नव्हती, त्यामुळे लस घेणारे मुळातच वेगळे असण्याची जुनी शंका तिथे पुन्हा उभी राहते.

मथळा वाचून लगेच लस शोधायला निघालेल्यांसाठी एक गोष्ट. नागीण बरी झाल्यावरही काहींना महिनोन्‌महिने चेतावेदना छळतात, आणि नवी लस नागिणीपासूनच ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण देते. आपल्या डॉक्टरशी लशीबद्दल बोलायला एवढं कारण भरपूर आहे. स्मृतिभ्रंशासाठी म्हणून मात्र ती अजून कुठे मंजूर झालेली नाही.

तारखेच्या रेषेची एक मर्यादाही आहे. ती फक्त रेषेजवळच्या माणसांबद्दल बोलते. वेल्समधले ते लोक ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. तीच लस पन्नाशीत घेतली तर परिणाम वाढेल, की तीस वर्षांत विरून जाईल, हे या नोंदी कितीही चाळल्या तरी कळणार नाही. त्यासाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच चाचणी घ्यावी लागेल. पण ज्या जिवंत विषाणूच्या लशीवर सर्वांत भक्कम पुरावा आहे, तिची विक्री अमेरिकेत २०२० मध्येच थांबली आणि ब्रिटननेही २०२३ पासून नवी लस वापरायला घेतली. वापरातून जात असलेल्या लशीच्या दीर्घ चाचणीत पैसा घालावा, असं कुठल्या कंपनीला वाटण्याचं कारण दिसत नाही. तो सार्वजनिक निधीतून किंवा देणग्यांतूनच उभा करावा लागेल.