बहिऱ्या रिमोटला कान लावले त्याची गोष्ट

आर्वीकडं मामाच्या गावी देवळाच्या टीनाच्या शेडात एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे, पहाटे ५ ला त्यावर तुकडोजी महाराजांची भजनं लागतात, म्हणजे लागायची, कारण रिमोट उंदरानं कुरतडला आणि प्लेअरवरची बटनं तर आधीच गेलेली. मामा म्हणे, "तू कम्प्युटर शिकला ना बे, मंग लाव काही जुगाड." शेडात भंगारातून आणलेला एक डेस्कटॉप होता, त्यात लिनक्स टाकलं आणि ठरवलं की आता हाच रिमोट.

आधी रिमोट करतो काय ते बघू. त्याच्या टोकाला एक इन्फ्रारेड एलईडी असतो, डोळ्याला न दिसणारा, पण मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटन दाबलं तर बहुतेक वेळा जांभळट चमक दिसते, करून बघा. बटन दाबलं की तो एलईडी ठराविक तालात चालू-बंद होतो, बस, भाषा तेवढीच. आमच्या प्लेअरची पद्धत एनईसी नावाची निघाली, ती खूप प्लेअरमध्ये असते. सुरुवातीला ९ मिलिसेकंद लांब चमक, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, म्हणजे "ऐक बाप्पा, सांगून राहिलो", आणि त्यानंतर ३२ बिट. प्रत्येक बिटात चमक सारखीच, साधारण ०.५६ मिलिसेकंदाची, फरक तिच्यानंतरच्या शांततेचा: ती तेवढीच असली तर शून्य, तिप्पट असली तर एक. या बिटांत पत्ता (कोणत्या यंत्रासाठी) आणि हुकूम (कोणतं बटन) असतो, दोन्ही एकदा सरळ आणि एकदा उलटे (शून्याचा एक, एकाचा शून्य) करून पाठवतात, त्यामुळं चूक पकडता येते आणि कोणतंही बटन दाबलं तरी निरोप ६७.५ मिलिसेकंदांतच संपतो. मला हे लय आवडलं.

पण ही चमकसुद्धा सलग नसते, तिच्या आत एलईडी सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकत असतो. काऊन? तर इन्फ्रारेड उन्हातही भरपूर असतं, जुन्या पिवळ्या बल्बातही असतं, आणि प्लेअरचा डोळा ते सगळं सोडून फक्त ३८,००० चा ठेका ऐकतो. पोळ्याच्या तोरणाखाली एवढ्या बैलांचे घुंगरू वाजत असतात तरी आपल्या जोडीचा आवाज आपल्याला कळतोच ना, तसं.

आता हा ठेका कम्प्युटरनं धरायचा कसा, तर साउंड कार्डातून! साधं साउंड कार्ड सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाचे सुटे आकडे, काढतं, आणि लहर तयार व्हायला एका लहरीमागं निदान २ नमुने लागतात, म्हणजे २२-२४ हजारांच्या वर ते जाऊच शकत नाही, ३८ हजार तर दूरच. म्हणून कोणीतरी भारी डोकं लावलं: आवाज १९,००० चा काढायचा आणि २ एलईडी एकमेकांना उलटे जोडायचे. लहर वर गेली की एक पेटतो, खाली गेली की दुसरा, दोघं मिळून झाले ३८,०००. आणखी एक गोम म्हणजे हा एलईडी साधारण सव्वा व्होल्टच्या खाली धड पेटत नाही आणि हेडफोनच्या भोकातून जेमतेम तेवढंच मिळतं, म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूला एकच लहर पण उलटसुलट पाठवायची आणि एलईडी त्या दोघांच्या मधे जोडायचे, व्होल्टेज दुप्पट. आवाज फुल, इक्वलायझर बंद. तरी पल्ला वीतभरच मिळाला, म्हणून एलईडी प्लेअरच्या डोळ्यासमोरच चिकटपट्टीनं चिकटवले.

सॉफ्टवेअर वापरलं लर्क नावाचं, फुकट आहे. त्याला आधी बटनं शिकवावी लागतात, त्यासाठी शेजारच्या गावातून तसाच रिमोट एका दुपारपुरता उसना आणला, ३८ किलोहर्ट्झचा ३ पायांचा रिसीव्हर लावला आणि एकेक बटन दाबत बसलो. त्यातून एक फाईल तयार होते, तिच्यात हेडर म्हणजे सुरुवातीची चमक आणि शांतता ९००० आणि ४५००, मग एक, शून्य, दोन निरोपांमधलं अंतर, सगळं मायक्रोसेकंदांत लिहिलेलं असतं, आणि आकडे थोडे मागंपुढं झाले तरी चालतं कारण किती टक्के फरक खपवून घ्यायचा तेही तिथंच सांगता येतं. मग पहाटे ५ ला पॉवर, २० सेकंद थांबा (डिस्क फिरून वाचली जाईपर्यंत प्ले दाबून उपयोग नाही), मग प्ले. पहिल्या दिवशी भजन लागलं, मामानं चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी नाही लागलं. रात्री लाईन जाऊन आली होती, आणि आमचा प्लेअर लाईन आली की आपोआप चालू होतो. पॉवरचं बटन एकच, त्यानंच चालू अन् त्यानंच बंद, म्हणून कम्प्युटरनं पहाटे इमानदारीत तो बंद केला. इथं खरी अडचण कळली. रिमोट फक्त बोलतो, ऐकत नाही, समोरचा जागा आहे की झोपला हे त्याला माहीत नसतं. आपण हातात रिमोट घेतो तेव्हा ते आपल्या डोळ्यांना माहीत असतं, आपण दिवा बघतो, पुन्हा दाबतो, अन् ते आपल्या ध्यानातही येत नाही.

मग कम्प्युटरला माईक लावला. प्ले पाठवल्यावर अर्धा मिनिट ऐकायचं, आवाज नाही आला तर पॉवर आणि प्ले पुन्हा. आषाढापर्यंत मस्त चाललं. मग एका पहाटे टीनावर पाऊस असा वाजला की कम्प्युटरला वाटलं भजन चालूच आहे, अन् मामाचा फोन, "काऊन रे, वाजून नाही राहिलं ते." आता माईक काढून प्लेअरच्या ऑडिओ आऊटमधून एक वायर थेट कम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये टाकली आहे, पावसाचा संबंधच नाही. वायर खालून नेली नाही, टीनाच्या अँगलला बांधून वरून नेली, उंदरांचा काय भरवसा.