ताप उतरला, पण पाण्यात उतरायचं का?

आमच्या मावशीचा पोरगा नेव्हीत डायव्हर आहे. गणपतीला सुट्टीवर कोल्हापूरला आला आणि आल्या आल्या व्हायरल घेऊन बसला. तीन दिवस ताप, अंगदुखी, थोडा खोकला, चौथ्या दिवशी पांढरा रस्सा पिऊन उठून बसला आणि पुढच्या आठवड्यात रंकाळ्याला पळायला पण गेला. मावशी खूश, पण तो म्हणाला, आई, परत गेल्यावर मला लगेच पाण्यात सोडणार नाहीत, आधी मेडिकल. मला वाटलं एवढ्याशा तापाला काय मेडिकल, तर त्यानं घरातली पोरांना औषध पाजायची सिरिंज मागितली.

२० मिलीपर्यंत हवा ओढली, टोकाला बोट लावलं आणि दांडा दाबत दाबत १० वर आणला. म्हणाला, दादा, हे १० मीटर खोल. तिथं दाब दुप्पट असतो, म्हणून हवा निम्म्या जागेत बसते. आता डायव्हर खाली सिलिंडरमधनं श्वास घेतो म्हणजे छाती पूर्ण भरलेली असते, पण ती दाबातली हवा, वर येताना तीच दुप्पट व्हायला बघते, म्हणून सतत श्वास सोडत यायचं. पण खोकल्यानंतर छातीत कुठं बारीक नळी सुजलेली असली, कफाचा बोळा बसलेला असला, तर तेवढ्या कोपऱ्यातली हवा अडकते आणि फुगून फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तातनं थेट मेंदूत. आणि ह्याला लई खोली लागत नाही, एक-सव्वा मीटरवरनं वर येतानाही असं झालेलं आहे. जमिनीवर मात्र त्या माणसाला काही म्हणजे काही जाणवत नसतं!

कानाचं आणि सर्दीचं बहुतेकांना माहीत असतं, नाक दाबून फुंकलं आणि कान मोकळा झाला नाही तर उतरायचं नाही, विषय संपला.

हृदयाचं मात्र नीट समजून घ्यायला पाहिजे. मानेपर्यंत पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी हातापायातलं अर्धा लिटरच्या वर रक्त छातीकडं सरकतं, हृदयावर भार येतो. काही व्हायरलमध्ये हृदयाच्या स्नायूला थोडी सूज येते, कधी कधी कळतही नाही, आणि अशात जोर केला तर ठोके बिघडू शकतात. मैदानात चक्कर आली तर माणूस खाली बसतो, कुणीतरी पाणी देतं, पण पाण्याखाली चक्कर आली की तोंडातली नळी सुटते. त्यात ३० मीटरवर हवा चौपट दाट, ती ओढायलाच जोर लागतो, म्हणजे दम कमी पडला की सगळंच अंगावर येतं.

आणि दम पडून राहिल्यानं किती जातो बघा. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी पोरांना ३ आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं, तर शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटली. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तर एवढ्या वर्षांत वयामुळं झालेली घट त्या ३ आठवड्यांपेक्षा कमी निघाली. तीन दिवसांच्या तापानं एवढं होत नाही, पण भाऊ सकाळी उठल्या उठल्या घड्याळात नाडी बघायचा, एरवी ५४ असते ती तापानंतर आठवडाभर ६५ च्या खाली यायला तयार नव्हती. खोकला नाही, ताप नाही, जेवण दणकून, आणि नाडी मात्र सांगत होती की अजून थांब.

मला काळजी वाटते ती आपल्या पंचगंगेच्या पोरांची. २०१९ च्या पुरात आणि नंतर २०२१ ला पण कितीतरी पोरं अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला दिवस दिवस पाण्यात होती, अंगात कणकण असली तरी गोळी खाऊन उतरणारी. त्यांना कोण मेडिकल विचारणार? तालमीत वस्ताद तापातनं उठलेल्या पैलवानाला लगेच लढत देत नाहीत, आधी हलका व्यायाम, मग थोडी मेहनत, मग जोड. मग पाण्याला वेगळा न्याय का?

भाऊ गेला परत. दोन आठवड्यांनी मेसेज आला, ट्रेडमिल झाली, फुप्फुसाची ताकद बघायची फुंकायची टेस्ट झाली, ईसीजी नीट आहे, उद्या पहिल्यांदा उतरतोय, पण फक्त ५ मीटर.