समलय टाळ्या

नाटक किंवा संगीताचा कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांच्या टाळ्यांच्या कडकडाटातून, कोणी इशारा न करता, आपोआप उमटणारा सामाईक ठेका. पूर्व युरोपातील नाट्यगृहांत तो विशेष ऐकू येतो. भजन-कीर्तनात श्रोते धरतात ती टाळी यात मोडत नाही. तिथे ठेका टाळ-मृदंगाने आधीच दिलेला असतो.

पडदा पडला की सुरुवातीला टाळ्यांचा नुसता गलका असतो. काही सेकंदांत त्या जुळत जातात आणि अख्खे सभागृह एका ठेक्यात वाजू लागते. मग ठेका मोडतो, कडकडाट होतो आणि ठेका पुन्हा धरला जातो. भौतिकशास्त्रज्ञ झोल्तान नेदा, तामाश विचेक, आल्बर्ट-लास्लो बाराबाशी व सहकाऱ्यांनी रुमानिया आणि हंगेरीतील सभागृहांत छताला मायक्रोफोन टांगून, शिवाय एकेकट्या प्रेक्षकाजवळ मायक्रोफोन ठेवून हे ध्वनिमुद्रित केले. त्यांचा निबंध २००० साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला.

त्यातील निष्कर्ष विलक्षण आहे. ठेका जुळताना प्रेक्षक आपला वेग जवळपास निम्मा करतात: सेकंदाला सुमारे चार टाळ्यांऐवजी दोन. जोशात प्रत्येकाचा हात आपल्याच वेगाने चालतो. संथ टाळीत माणसामाणसांतला हा फरक बराच कमी होतो. जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिकी कुरामोतो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानाचे सांगणे हेच आहे: घटकांच्या मूळ वेगांतील तफावत त्यांच्या परस्पर प्रभावाच्या मानाने पुरेशी कमी असेल, तरच लय जुळते. इथे तो प्रभाव कानांवाटे पोहोचतो.

पण टाळ्या निम्म्या झाल्या की एकूण आवाजही घटतो. भरभरून दाद देऊ पाहणारे प्रेक्षक मग हात जलद चालवतात, वेगांतील तफावत वाढते आणि ठेका सुटतो. एका लयीत वाजवणे आणि जोरात वाजवणे एकाच वेळी साधत नाही, म्हणूनच ही आवर्तने होतात. ठेका मोडणे हे कंटाळ्याचे लक्षण समजणे चूक ठरेल; तो बहुधा उत्साहाच्या भरातच मोडतो.

याच जातीच्या घटना इतरत्रही आढळतात. डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांना १६६५ मध्ये एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक परस्परविरुद्ध दिशांनी, पण एकाच लयीत झुलताना दिसले. आधाराची सूक्ष्म हालचाल त्यांना जोडत होती. थायलंड-मलेशियातील खारफुटीत नर काजव्यांचे थवे एकदम लुकलुकतात. तिथे हा दुवा प्रकाशाचा असतो.