भातावरील करपा : संसर्गाची रेणवीय यंत्रणा

भातावरील करपा हा मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होणारा रोग आहे. पायरिक्युलॅरिया ओरायझी हे तिचे जुने नाव अजूनही सर्रास वापरात आहे. रोगट पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी असे डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात. बुरशी लोंबीच्या मानेवर आली की मान काळी पडून मोडते आणि लोंबीत पळिंजच उरते. शेतकऱ्याला खरा फटका बसतो तो या मानेवरच्या करप्याचा. कांदा, बटाटा, टोमॅटो यांवरचा करपा वेगळ्या रोगकारकांमुळे येतो आणि भातावरचाच कडाकरपा जिवाणूंमुळे होतो. या नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही.

भात पिकवणाऱ्या जवळपास सगळ्या देशांत हा रोग आहे. त्यात दरवर्षी वाया जाणारे पीक सुमारे ६ कोटी लोकांना पुरले असते, असा अंदाज नेहमी दिला जातो. महाराष्ट्रात कोकण, मावळ, इगतपुरी आणि पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात ढगाळ हवा, रात्रीचा गारवा आणि पानांवर तासन्‌तास टिकणारा ओलावा एकत्र आला की करपा जोर धरतो. युरिया जास्त पडलेल्या खाचरात तो आधी दिसतो, हेही शेतकरी जाणून असतात. संशोधकांच्या दृष्टीने या बुरशीची सोय अशी की ती प्रयोगशाळेत ताटलीत सहज वाढते आणि तिचे एकेक जनुक काढून टाकून परिणाम पाहता येतो. २००५ मध्ये तिचा जनुकसंच वाचला गेला : ७ गुणसूत्रे, सुमारे ४ कोटी बेसजोड्या आणि ११,००० च्या आसपास जनुके. बुरशी पिकात शिरते कशी, याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे याच एका रोगाने शिकवले आहे.

प्रवेश : बीजाणू तीन पेशींचा आणि टोकाला निमुळता असतो. दवाचा स्पर्श होताच त्याच्या टोकातून चिकट द्रव पाझरतो आणि मेणचट पानावर तो पक्का बसतो. हा चिकटा टेफ्लॉनलासुद्धा धरतो. साधारण दोन तासांत अंकुरनलिका फुटते आणि पुढचे काम चाचपणीचे असते. पृष्ठभाग कठीण आहे का, पाणी झटकणारा आहे का, पानावरच्या मेणाचे आणि क्युटिनचे रेणू हाती लागतात का, याचा अंदाज पीटीएच११ सारखी पटलावरची ग्राही प्रथिने घेतात. निरोप आत दोन मार्गांनी जातो. एक चक्रीय एएमपी या छोट्या रेणूचा, दुसरा पीएमके१ या कायनेज विकराचा (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम चालू-बंद करणारे विकर). पीएमके१ चे जनुक काढलेली बुरशी ताटलीत वाढते, पण तिला पानात शिरता येत नाही. पान मुद्दाम खरवडून वाट करून दिली तरी ती आत तग धरत नाही. म्हणजे हे विकर दार उघडण्यापुरतेच नाही.

निरोप पोचला की नलिकेचे टोक फुगून घुमटाकार कोश तयार होतो. त्याला ॲप्रेसोरियम म्हणतात. बाहेर दवाचे पाणी तेवढे असते, अन्न नाही. त्यामुळे बीजाणू स्वतःच्या साठ्यावर, म्हणजे ग्लायकोजेन आणि मेदावर, सगळे भागवतो. त्यातले एक केंद्रक विभागते, नवे केंद्रक घुमटात जाते आणि मागे राहिलेल्या तिन्ही पेशी स्वतःला पचवून मरतात. ही आत्मभक्षणाची क्रिया रोखली तर संसर्गच होत नाही, हे २००६ मध्ये दिसून आले.

घुमटात ग्लिसरॉल साठत जाते. त्याची तीव्रता ३ मोलरच्या वर जाते. त्याच्या ओढीने पाणी आत येते. ग्लिसरॉल मात्र बाहेर गळत नाही, कारण पेशीभित्तिका आणि पेशीपटल यांच्यामध्ये मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचा थर असतो. तो पाण्याला वाट देतो, ग्लिसरॉलला अडवतो. त्यातून ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे ४० पट दाब तयार होतो. एसएलएन१ हे प्रथिन हा दाब पुरेसा झाला की नाही हे जोखते. त्यानंतर घुमटाच्या तळाशी सेप्टिन प्रथिनांचे कडे बसते, ॲक्टिनचे धागे त्याला धरून रचले जातात आणि सगळा जोर एका बारीक खुंटीवर एकवटून ती पानाचे कवच भेदते. दवाने सुरू झालेले हे सारे साधारण २४ तासांत उरकते.

या साखळीतली कच्ची कडी मेलॅनिन आहे. मेलॅनिन बनवणारी जनुके बिघडलेल्या बुरशीच्या वसाहती राखाडी न राहता पांढऱ्या, गुलाबीसर किंवा बदामी होतात. त्या घुमट बांधतात, पण त्यात दाब टिकत नाही. ट्रायसायक्लॅझोल हे बुरशीनाशक नेमके इथेच, मेलॅनिन बनवणाऱ्या एका रिडक्टेज विकरावर, घाव घालते. ते बुरशीला मारत नाही, फक्त शिरू देत नाही. म्हणून ठिपके भरून आल्यावर ते फवारले तर आधीच आत गेलेल्या बुरशीवर त्याचा फारसा उपयोग नाही. फवारणी वेळेवर करा असे सल्ल्यात लिहिलेले असते, पण का ते क्वचित सांगितले जाते. पुढे युरोपीय संघाने तांदळातील या औषधाच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि बासमतीच्या निर्यातदारांची पंचाईत झाली. कार्प्रोपामिड हे भावंड मेलॅनिनच्या दुसऱ्या विकरावर चालते. जपानमध्ये त्या विकरातील ७५ व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन आलेले बुरशीचे वाण निपजले आणि औषधाची धार गेली.

पेशीतला वावर : खुंटी आत गेल्यावर बुरशीचा पवित्रा बदलतो. पहिले दोन-तीन दिवस ती पेशी मारत नाही. भाताचे पेशीपटल फाटत नाही. ते बुरशीच्या तंतूभोवती आवरणासारखे ताणले जाते आणि बुरशी त्या आवरणात राहून वाढते. बुरशीच्या भित्तिकेत कायटिन हा चिवट पदार्थ असतो आणि त्याचे तुकडे सीईबीआयपी या ग्राही प्रथिनाला सापडले की भाताची संरक्षण यंत्रणा जागी होते. बुरशी त्यावर एसएलपी१ हे प्रथिन सोडते. ते कायटिनचे तुकडे आधीच पकडून ठेवते, त्यामुळे ग्राहीपर्यंत फार थोडे पोचतात.

अशा प्रथिनांना इफेक्टर म्हणतात. काही तंतूभोवतीच्या पोकळीत राहतात. काही तंतूच्या टोकाशी असलेल्या खास गाठीतून थेट भाताच्या पेशीद्रव्यात उतरतात आणि शेजारच्या पेशींतही पुढे सरकून जमीन तयार करतात. बुरशी स्वतः पुढच्या पेशीत जाते ती दोन पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून, अंग आकसून. आणि हे आकसणेही पीएमके१ च्याच हुकमतीत असते. ४-५ दिवसांनी ती पेशी मारू लागते, ठिपका दिसतो आणि त्यावर नवे बीजाणू येतात.

प्रतिकार : भाताजवळ इफेक्टर ओळखणारी जनुके आहेत. ओळख पटली की संसर्ग झालेली पेशी स्वतःहून मरते आणि बुरशी तिथेच अडकते. पी-टा या जनुकाच्या प्रथिनात ९१८ व्या जागी ॲलॅनिन हे अमिनो आम्ल असेल तर झाड वाचते, सेरिन असेल तर बळी पडते. मात्र पी-टा ज्या इफेक्टरला ओळखते त्याचे बुरशीतले जनुक गुणसूत्राच्या अगदी टोकाशी बसलेले आहे आणि टोकाचा तुकडा सहज गळतो. तो गळाला की बुरशी अनोळखी होते. एकाच जनुकावर भिस्त ठेवलेले वाण काही हंगामांत का ढेपाळतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. पिक-१ या प्रथिनाची रीत निराळी आहे : इफेक्टर भाताच्या ज्या प्रथिनांवर धाव घेतो त्यांच्यासारखाच एक भाग त्याने स्वतःत आमिष म्हणून सामावून घेतला आहे.

पी-५४ हे प्रतिकारक जनुक टेटेप या व्हिएतनामी वाणातून दिल्लीच्या संशोधकांनी वेगळे केले. २०२१ मध्ये आलेल्या पुसा बासमती १८४७ या वाणात ते पी-२ या दुसऱ्या प्रतिकारक जनुकासोबत घातले आहे. दोन्ही ओळखी एकाच वेळी चुकवणे बुरशीला कठीण जाते, असा त्यामागचा हिशेब आहे.

याच बुरशीच्या दुसऱ्या वंशावळी नाचणीवर आणि गव्हावर रोग करतात. नाचणीच्या कणसाची मान करपलेली कोकणात आणि कोल्हापूरकडे नेहमी दिसते. गव्हावरचा करपा १९८५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात प्रथम आढळला. बुरशीचे पीडब्ल्यूटी३ हे इफेक्टर ओळखणारे आरडब्ल्यूटी३ जनुक ज्या गव्हात नव्हते, असे वाण तिथे पसरले होते आणि त्यांनीच तिला नवे यजमान मिळवून दिले. २०१६ मध्ये हा रोग बांगलादेशात पोचला, तेव्हा पश्चिम बंगालने सीमेलगतच्या पट्ट्यात गव्हाची पेरणीच थांबवली.