छ्येन श्वेसन

छ्येन श्वेसन (११ डिसेंबर १९११ – ३१ ऑक्टोबर २००९) : चिनी वायुगतिकीतज्ज्ञ (हवेच्या प्रवाहाचा व उडणाऱ्या वस्तूंचा अभ्यास करणारे) आणि चीनच्या क्षेपणास्त्र व अवकाश कार्यक्रमाचे जनक. जन्म शांघायचा, घराणे मूळचे हांगचौचे. शांघायच्या च्याओथुंग विद्यापीठात त्यांनी रेल्वे इंजिनांचे शास्त्र शिकून १९३४ मध्ये पदवी मिळवली. पुढच्या वर्षी ते अमेरिकेला गेले. त्यांची शिष्यवृत्ती बॉक्सर उठावानंतर (१९०० च्या सुमाराचा परकीयांविरुद्धचा चिनी उठाव) चीनकडून वसूल केलेल्या नुकसानभरपाईच्या पैशातली होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून (एमआयटी) ते कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत (कॅलटेक) नामवंत वायुगतिकीतज्ज्ञ थिओडोर फॉन कारमान यांच्याकडे आले व १९३९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

कॅलटेकमधील काही तरुण तेव्हा रॉकेटचे प्रयोग करत. त्यांतले स्फोट पाहून इतर विद्यार्थी त्यांना ‘आत्मघातकी पथक’ म्हणत. छ्येन या गटाचे गणिती होते आणि याच गटातून पुढे जेट प्रपल्शन लॅबोरेटरी ही अमेरिकेची रॉकेट व अवकाश संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना कर्नलचा दर्जा देऊन जर्मनीला पाठवले. तिथे त्यांनी जर्मन रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांची चौकशी केली. ‘हायपरसॉनिक’ (ध्वनीच्या कितीतरी पट वेगाचे) हा शब्दही त्यांनीच १९४६ मध्ये रूढ केला.

इतका विश्वास टाकलेल्या माणसाला अमेरिकेने १९५० मध्ये कम्युनिस्ट ठरवले. आरोप त्यांनी नाकारला, पण गोपनीय कामाची परवानगी गेली. मायदेशी परतायला निघाले, तर सामान जप्त झाले. त्यात सांकेतिक लिपी असल्याचा संशय घेतला गेला. तपासाअंती ती लॉगॅरिथमची कोष्टके निघाली. दोन आठवडे कोठडी, १५,००० डॉलरचा जामीन आणि पाच वर्षे पाळत. त्याही काळात त्यांनी अभियांत्रिकी सायबरनेटिक्सवरचा (यंत्रांच्या स्वयंचलित नियंत्रणाचे शास्त्र) आपला ग्रंथ पुरा केला, यातच त्यांचा पिंड दिसतो. जिनिव्हातील अमेरिका-चीन वाटाघाटींनंतर सप्टेंबर १९५५ मध्ये ते पत्नी, गायिका ज्यांग यिंग, आणि दोन मुलांसह बोटीने निघाले. नौदलाचे माजी सचिव डॅन किंबल यांनी या हकालपट्टीला देशाने केलेला सर्वांत मोठा मूर्खपणा म्हटले.

चीनमध्ये १९५६ साली स्थापन झालेल्या क्षेपणास्त्र संशोधन संस्थेचे ते पहिले प्रमुख झाले. सोव्हिएत आर-२ वर बेतलेले तुंगफंग-१ हे क्षेपणास्त्र ५ नोव्हेंबर १९६० रोजी उडाले. २४ एप्रिल १९७० रोजी १७३ किलोचा ‘तुंगफांगहुंग-१’ हा पहिला चिनी उपग्रह कक्षेत गेला. यंत्रे होतीच, पण माणसे तयार करणे हे त्यांचे अधिक मोठे काम.

१९५८ मध्ये, ‘मोठ्या झेपे’च्या, म्हणजे शेती व उद्योगांचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या माओंच्या मोहिमेच्या काळात, सूर्यप्रकाशाच्या हिशेबाने पिकांचे उत्पन्न कितीतरी पट वाढू शकते असे त्यांनी लिहिले. भुकेने कोट्यवधी माणसे मेली त्या धोरणाला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. त्यांच्या चरित्रातली ही बाजू झाकता येत नाही.

अमेरिकेत त्यांनी पुन्हा पाऊल ठेवले नाही. कॅलटेकने १९७९ मध्ये जाहीर केलेला माजी विद्यार्थी पुरस्कार २००१ साली त्यांचे जुने मित्र फ्रँक मार्बल बीजिंगला जाऊन त्यांच्या हाती देऊन आले.