‘दीर्घकाळ’ म्हणजे नेमकी किती वर्षं?

‘बाजारात टिकून राहा’ असं सगळेच सांगतात; किती वर्षं, ते कुणी बोलत नाही. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक असलेल्या सेन्सेक्सच्या इतिहासात याचं उत्तर आहे, पण ते फारसं सुखावणारं नाही.

१९७८-७९ हे पायावर्ष, मूळ आकडा १००. २२ एप्रिल १९९२ ला निर्देशांक ४,४६७ वर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्याचं प्रकरण छापून आलं आणि वर्षभरात तो निम्म्याहून खाली घसरला. मध्ये १९९४ आणि २००० च्या तेजी येऊन गेल्या. तरीही १७ मे २००४ ला, लोकसभा निकालानंतरच्या पडझडीत, तो व्यवहारादरम्यान पुन्हा ४,३०० च्या खाली आला. म्हणजे बारा वर्षांनी गाडी त्याच स्टेशनावर! सेन्सेक्सच्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो, हे खरं. पण तो मिळवूनही त्या काळच्या मुदत ठेवीपुढे हा परतावा तोकडाच पडतो.

शिवाय निर्देशांक कमकुवत कंपन्या वगळत जातो. सेन्सेक्समधल्या पहिल्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्थान मोटर्सही होती. तेच शेअर धरून बसलेल्याला ही सोय नव्हती.

२००८ चा हिशेब आणखी बोलका. ८ जानेवारीला २०,८७३, ९ मार्च २००९ ला ८,१६०. घसरण ६१ टक्के. पण मूळ पातळी गाठायला वाढ हवी १५६ टक्के. बंद भावाने ती नोव्हेंबर २०१० मध्ये जेमतेम गाठली, मग पुन्हा निसटली, आणि नवा उच्चांक व्हायला २०१३ चा ऑक्टोबर उजाडला.

एकरकमी पैसे घालणाऱ्याचं हे झालं. हप्त्याचं, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याच्या, १९९३ पासून आपल्याकडे आलेल्या एसआयपीचं, गणित वेगळं. एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, ५० असताना हजार रुपयांत २० युनिट, २० झाल्यावर ५०. दोन हजारांत ७० युनिट, सरासरी भाव २८ रुपये ५७ पैसे. भाव पन्नासवर परतायची वाट पाहावी लागत नाही.

अर्थात मंदीतला हप्ता भरला तरच. मार्च २०२० मध्ये देशभरात एसआयपीतून ८,६४१ कोटी आले. नोव्हेंबरात निर्देशांक नव्या उच्चांकावर असताना आले सुमारे ७,३०० कोटी. सगळेच घाबरले नव्हते. कित्येकांचे पगार कापले गेले होते. सहा महिन्यांचा घरखर्च आधी बँकेत बाजूला काढायचा तो याचसाठी.

पूर्वी एसआयपीसाठी पुढच्या तारखांचे बारा चेक एकदम लिहून द्यावे लागत. थांबवायचं तर अर्ज, खेटे. आता फोनवर दोनदा बोट टेकवलं की हप्ता बंद.