पहिली जमीन घेताय? इसार देण्याआधी सातबारा वाचा

गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच जमीन घेणारे आधी भाव विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: ही जमीन आपल्याला घेता येते का? महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या (जमीन कसणाऱ्या कुळांच्या हक्कांचा कायदा) कलम 63 मुळे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. तुमच्या नावावर सातबारा, म्हणजे शेतजमिनीचा सरकारी उतारा, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यापेक्षा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट बघा, तो कोणालाही घेता येतो. मात्र एनए आदेश आणि मंजूर लेआउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा) दोन्ही हातात घेऊन वाचा. शहराबाहेर ‘दोन गुंठे शेत’ स्वस्तात मिळतंय म्हणून धावू नका. शेतीचे लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे जिरायत 20 आणि बागायत 10 गुंठ्यांहून लहान तुकड्याची खरेदी अडकते.

आता सातबारा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमी या सरकारी वेबसाइटवर 15 रुपयांत निघतो, मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. भोगवटादार (जमीन धारण करणारा) वर्ग 1 असेल तर ठीक. वर्ग 2 असेल तर विक्रीआधी सरकारी परवानगी हवी. मग ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचा. कुळाचं नाव, वारसांची नावं, बँकेचा बोजा (जमिनीवरचं कर्ज), सगळं तिथेच असतं. आम्ही बघितलेल्या एका जमिनीवर गावच्या पतपुरवठा सोसायटीचा बोजा होता. मालक म्हणाले, कर्ज कधीच फिटलंय. बोजा कमी केल्याचा फेरफार (उताऱ्यातल्या बदलाची नोंद) मागितला, तर नोंद झालेलीच नव्हती. ती होईपर्यंत आम्ही इसार (व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिला नाही. उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक घेऊन जुने फेरफारही काढा, वारसनोंदीत बहिणींचा हक्क राहून गेला असेल तर तिथेच कळतं. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांची तपासणी) घ्या आणि शक्य असेल तर सरकारी मोजणी करून घ्या. हा खर्च वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

इसार बँकेतूनच द्या; 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोखीत घेणं कायद्याला मान्य नाही.

खरेदीदस्ताच्या नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाकडे घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांचे आधार, पॅन, फोटो, ताजा सातबारा, आठ अ (मालकाच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि साक्षीदार लागतात. शेतजमीन असेल तर तुमचा शेतकरी असल्याचा पुरावाही. मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांत जे जास्त असेल त्यावर बसतं.

नोंदणी झाली की ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) संबंधितांना नोटीस काढतात. 15 दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर पुन्हा 15 रुपये भरून नवा सातबारा काढा आणि आपलं नाव, गट नंबर, क्षेत्र अक्षर न् अक्षर ताडून बघा.